एकोणतीसचा पाढा

त्या बुधवारी आईनं मला लग्नाला न्यावं तसं सजवलं. डोक्याला चपचपीत तेल, दोन घट्ट वेण्या, वेण्यांना लाल रिबिनी, तोंडाला पावडर आणि अंगात मावशीच्या साक्षगंधाला शिवलेला मोरपंखी ड्रेस. ओढणीला पिन लावताना तिनं दोनदा मागं सरकून मला न्याहाळलं.

"आई, आपण दवाखान्यात चाललो ना?" मी विचारलं.

"म्हणूनच," ती म्हणाली. "साहेबलोकांसमोर मळकट-कळकट जाचं असते का?"

आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी दवाखान्यात दर बुधवारी मेडिकल बोर्ड बसायचं. एका टेबलामागं तीन डॉक्टर. ते कागद पाहतात, माणूस पाहतात आणि तुम्ही किती टक्के दिव्यांग आहात ते लिहितात. चाळीस किंवा त्याच्या वर लिहिलं तर सवलती मिळतात. खाली लिहिलं तर आलात तसे घरी. आणि आम्ही, म्हणजे खैरीटोल्याच्या वनमाला रामटेके आणि त्यांची नववीतली मुलगी उत्पला, तिथं निघालो होतो नवरीच्या करवल्या होऊन.

आता मी बारावीत आहे. आता हे आठवलं की मला इतकं हसू येतं की शेजारची मुलगी विचारते, काय झालं गं? तेव्हा मात्र हसू आलं नव्हतं.

मला सिकलसेल आहे. त्यातला एसएस, म्हणजे आईकडूनही आलेला आणि बाबांकडूनही. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि जिथं अडकतात तिथं दुखतं. कधी नडगीत, कधी पाठीत, कधी बोटांच्या पेरांत. आमच्या भागात घरोघरी हे नाव माहीत आहे, पण अंगणात बसून कुणी ते घेत नाही. शिवाय बाहेरून काही दिसत नाही. दुखणं थांबलं की मी अशी धावते की कुणी म्हणेल, हिला काय झालंय?

नववीच्या सहामाहीत गणिताच्या पेपरला माझी बोटं दुखायला लागली आणि शेवटचे दोन प्रश्न येत असूनही कोरे राहिले. ठवकर सर आमचे वर्गशिक्षक. त्यांनी पेपर वाटताना विचारलं, हे का सोडलं? मी म्हटलं, वेळ पुरला नाही सर. सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा हजेरीच्या वहीकडे, आणि मधल्या सुट्टीत मला थांबवून घेतलं. पुढच्या वर्षी दहावी आहे, म्हणाले. सर्टिफिकेट असलं तर पेपरला तासाला वीस मिनिटं जास्त मिळतात. दवाखान्यात जायला एसटीची सवलत आहे, महिन्याला काही मदतही मिळू शकते. हजेरी कमी पडते त्यालाही या कागदाचा आधार होतो. नाहीतर सतरा नंबरचा फॉर्म भरून घरी बसून दहावी करावी लागेल.

घरी बसून. ते दोन शब्द ऐकून माझ्या डोळ्यांसमोर आमची बाज आली. तिच्यावर मी आधीच पुष्कळ दिवस काढले होते. मला शाळेतला बाक हवा होता आणि ती वीस मिनिटं हवी होती. बाकी काही नाही मिळालं तरी चाललं असतं.

बाबा राइस मिलमध्ये मशीनवर आहेत. त्यांना 'दिव्यांग' हा शब्दच झोंबला. माझ्या पोरीला काय धाड भरली, म्हणाले, विचारा तिलाच. आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "काय गं, कशी आहेस?"

"बरी आहे बाबा," मी म्हटलं.

जीभ चावली, पण तोवर शब्द सुटला होता. ती सवयच होती. मी आठ-नऊ वर्षांची असताना एकदा बाबा मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून आरोग्य केंद्रात नेत होते. मी रडत होते आणि दर थोड्या अंतरानं ते मान वळवून विचारत होते, कमी झालं का? मी नाही म्हटलं की त्यांच्या पाठीत काहीतरी वाकायचं. शेवटी मी हो म्हटलं. झालं नव्हतं. पण बाबांची पाठ सरळ झाली आणि सायकल हलकी चालली. तेव्हापासून कुणीही विचारलं की माझं उत्तर ठरलेलं. बरी आहे.

बाबांनी नको म्हटलं तरी आईनं फॉर्म भरायला लावला. ऑनलाइन फॉर्म ठवकर सरांनीच भरला, मेसेजमध्ये बुधवारची तारीख आली. तारखेच्या तीन दिवस आधीपासून आईनं मला काडी उचलू दिली नाही. कढत पाण्यानं आंघोळ, पायांना मोहाच्या तेलाची मालिश, दुपारी सक्तीची झोप. बोर्डाच्या दिवशीच पोरगी आजारी पडली तर जायचं कसं, ही तिला काळजी. म्हणजे आजार दाखवायला जायचं होतं आणि त्यासाठी आईनं आजार पार पळवून लावला होता. यातला घोळ आम्हा दोघींपैकी कुणाच्याच लक्षात आला नाही.

आणखी एक घोळ होता. सहाची एसटी, दोन तासांचा रस्ता, आणि मध्ये बाईमाणसाला उतरून जायला जागा नाही. म्हणून आईनं मला दोन घोटांच्या वर पाणी पिऊ दिलं नाही. सिकलसेलवाल्यानं पाणी भरपूर प्यायचं असतं, हे तिला माझ्यापेक्षा पक्कं माहीत. पण त्या दिवशी तिला दुखण्यापेक्षा साहेबांची भीती जास्त होती.

बोर्डाच्या खोलीबाहेरच्या व्हरांड्यात सिमेंटचा लांब बाक होता. डिसेंबर महिना, बाक बर्फासारखा. आमच्या शेजारी कुबडीवाले एक काका बसले होते. त्यांनी मला रिबिनींपासून चपलांपर्यंत पाहिलं आणि आईला विचारलं, "बाई, तुमी नवरदेवाकडच्या का नवरीकडच्या?"

आई ओशाळली. मला मात्र हसू फुटलं. काकांचं आडनाव नागोसे. त्यांना पोलिओ होता आणि जुनं सर्टिफिकेट बदलून नवं कार्ड घ्यायला ते तिसऱ्यांदा आले होते. सिकलसेल म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. दिसत नाही गं पोरी थे, म्हणाले. माझा पाय बघ, दुरून ओळखू येते. तुझं काय दाखवशील?

मग त्यांनी मला शिकवायलाच घेतलं. आत जाताना मान खाली घालायची. पाय थोडा ओढायचा. डॉक्टरनं हात लावला की कण्हायचं. "माझा पाय खरंच वाकडा आहे, तरी मी बी आत जाताना जराक वाढवून ओढतो," ते म्हणाले. "सरकारले निम्मंच दिसते. म्हणून आपण दुप्पट दाखवाचं."

मला ते पटलं. मी व्हरांड्याच्या टोकापर्यंत लंगडत गेले आणि कण्हत परत आले.

"हे तर हरवलेल्या शेळीसारखं झालं," काका म्हणाले.

पुन्हा केलं. आणखी वाईट झालं. बाकावरची चार माणसं हसली आणि मीही हसले, पण मनात चमकलं की मला हे खरंच येत नाही. दुखताना माणूस कसा दिसतो हे मला ठाऊकच नाही, कारण खरं दुखतं तेव्हा मी कण्हत नाही, लंगडत नाही, काहीच करत नाही. मी भिंतीकडे तोंड करते आणि पाढे म्हणते.

हे माझं गुपित होतं. आजारपणात बाजेवर पडल्यापडल्या माझ्या हाताशी एकच पुस्तक असायचं, उजळणी. त्यातले तीसपर्यंतचे पाढे मी पाठ केले. मग कळलं की दुखताना पाढा म्हटला तर डोकं तिकडे गुंततं आणि दुखणं थोडं बाजूला बसतं. फक्त पाढा दुखण्याच्या मापाचा हवा. थोडं दुखत असेल तर बाराचा पुरतो. वाढलं की सतराचा, एकोणीसचा. त्याहून वाढलं की तेवीसचा. आणि अगदी हाडात कुणी कानस घालून फिरवतंय असं झालं की एकोणतीसचा. त्याच्यापेक्षा अवघड पाढा उजळणीत नव्हता. मोठ्यानं नाही म्हणायचे मी. ओठांतल्या ओठांत पुटपुटायचे. कुणाला कळायचं नाही, असं मला वाटायचं.

"खोटं नाई कराचं," आई हलक्या आवाजात म्हणाली. शेळीचं नाटक तिनं पाहिलं होतं. "जे आहे थे इचारतील, जे आहे थे सांगाचं. बस."

तेवढ्यात माझी डावी नडगी चमकली.

सुरुवात मला ओळखू येते. आत कुणी टिचकी मारावी तशी असते ती. गार बाक, कोरडा घसा, सकाळपासूनची दगदग. मी बाराचा सुरू केला. आईला सांगितलं नाही. तीन दिवस तिनं इतकी माया केली होती, ती वाया गेली असं कसं सांगायचं? नागोसे काका आत जाऊन आले, तोवर मी सतरावर होते. आमचं नाव पुकारलं तेव्हा एकोणीसचा संपत आला होता. मी ताठ उठले, ओढणी सारखी केली आणि सरळ चालत आत गेले. सवयच तशी.

आत तीन डॉक्टर होते. मधल्या देवतळे मॅडम. चष्मा, पांढरा कोट, बाजूला स्टीलची पाण्याची बाटली. आई दारापाशीच हात जोडून उभी राहिली. बसा म्हटल्यावरही खुर्चीच्या कडेला टेकली, मांडीवर कागदांची प्लास्टिकची पिशवी.

मॅडमनी सिकलसेलचं कार्ड आणि आठवड्यापूर्वीचा रक्ताचा रिपोर्ट पाहिला. मग मला पाहिलं. मोरपंखी ड्रेस, लाल रिबिनी, पावडर.

"कशी आहेस बाळ?"

"बरी आहे मॅडम."

"शाळेत जातेस? खेळतेस?"

"हो."

"आत्ता कुठं दुखतंय?"

नडगीत कुणीतरी सुरी फिरवत होतं. मी गालात हसले. "नाही मॅडम."

त्यांनी टेबलावरचा एक कागद माझ्यापुढं सरकवला. त्यावर सहा गोल तोंडं काढली होती, पहिलं हसरं, शेवटचं रडकं. दुखतं तेव्हा यातलं कोणतं तोंड तुझं, त्यांनी विचारलं. मी सहाही तोंडं पाहिली. त्यातलं एकही माझ्यासारखं दिसत नव्हतं. मी दुसऱ्यावर बोट ठेवलं.

मॅडमनी शेजारच्या डॉक्टरांना इंग्रजीत काहीतरी सांगितलं. त्यातला 'माइल्ड' हा शब्द मला कळला. त्यांनी पेन उघडलं. मला समजलं की आता चाळीसच्या खालचा आकडा लिहिला जाणार. बाक गेला. वीस मिनिटं गेली. सांगावंसं वाटत होतं, पण तोंडातून दुसरं काही निघेना. आत फक्त तेवीसचा चालू होता. तेवीस चोक ब्याण्णव. तेवीस पंचे एकशे पंधरा.

"मॅडम," आई म्हणाली.

आई कधीच साहेबांसमोर विचारल्याशिवाय बोलत नाही. रेशन दुकानात, ग्रामपंचायतीत, शाळेत, ती नेहमी बाबांच्या किंवा माझ्या मागं उभी असते. मी मान वळवून पाहिलं. ती उठून उभी राहिली होती.

"मॅडम, माफी करा. पोरगी खोटं बोलून राह्यली."

"आई..."

"चूप बस तू." तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. "मॅडम, तिच्या ओठाकडे पाहा तुमी. तेवीसचा चालू आहे तिचा."

"तेवीसचा काय?"

"पाढा."

पेन थांबलं. माझे ओठही थांबले. कान एकदम तापले, जसे चोरी पकडल्यावर तापतात.

"दुखलं का ही पाढे म्हणते," आई म्हणाली. "बाराचा म्हटला का थोडं दुखून राह्यलं, मी तेल गरम कराले ठेवते. सतराचा आला का ईट तापवते, फडक्यात बांधून पायाले लावते. तेवीसचा आला का गोळी. आन् एकोणतीसचा सुरू झाला का मी चूल इझवते, हिच्या बाबाले मिलमधून बोलवाले निरोप धाडते. कोणाले सांगत नाई ही. इचारलं का बरी आहे म्हणते. म्हणून मी इचारतच नाई. दाराआड बसते आन् ऐकते."

मी त्या खोलीत बसले होते, पण मला आमचं घर दिसत होतं. सतराच्या पाढ्याला हजर होणारी ती गरम वीट. तेवीसच्या मध्येच हातात येणारी गोळी आणि पाण्याचा पेला. मला वाटायचं, आईचा अंदाज काय बरोबर असतो. वर्षानुवर्षं मला तेवढंच वाटत आलं होतं.

"तुम्हाला एवढे पाढे येतात?" मॅडमनी विचारलं. चेष्टेनं नाही.

"दाहापर्यंत येत होते. चौथी शिकली मी. पुढचे हिचे ऐकून ऐकून आले."

"एकोणतीसचा?"

आईला वाटलं, म्हणून दाखव म्हणताहेत. तिनं पदर सावरला, हात जुळवले आणि शाळेतल्या मुलीसारखी ताठ उभी राहून सुरू केलं.

"एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. एकोणतीस चोक एकशे सोळा." माझीच चाल होती ती. 'चोक'च्या आधी जिथं मी श्वास घेते, तिथंच ती श्वास घेत होती. "एकोणतीस पंचे एकशे पंचेचाळीस. एकोणतीस सक एकशे चौऱ्याहत्तर. एकोणतीस साती दोनशे तीन."

ती थांबली.

"पुढं?" शेजारचे म्हातारे डॉक्टर नकळत म्हणाले.

"पुढचा मले येत नाई, साहेब," आई म्हणाली. "याच्या पुढं ही कधी गेलीच नाई. इथं हिचा आवाज बंद होते. मंग मी आत जाऊन हिले उचलते."

बाहेर शिपाई कुणाचं तरी नाव पुकारत होता.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "असं वर्षात किती वेळा होतं?"

मग आईनं ती पिशवी उघडली. भरती केल्याचे कागद, सुट्टीचे कागद, रक्ताच्या तीन पिशव्यांच्या चिठ्ठ्या, सगळं तारखेप्रमाणं लावलेलं. मागच्या वर्षी सात वेळा, यंदा पोळ्यापासून चार वेळा. मॅडम एकेक कागद उलटत गेल्या.

"हे तुम्ही आधी का नाही दाखवलं?"

"तुमी मागितले नाई, मॅडम."

मॅडमनी माझ्याजवळ येऊन नडगीवर हलकेच बोटं ठेवली. मी कण्हले नाही, पण पाय आपोआप मागं गेला. सकाळपासून पाणी किती प्यायलीस, त्यांनी विचारलं. मी दोन बोटं दाखवली आणि म्हटलं, घोट. मग आईला जे रागावल्या त्या! साहेबांकडून बोलणी खायची आईला किती भीती, पण त्या दिवशी ती मान डोलवत, जवळजवळ खुशीत ते ऐकत होती. मॅडमनी स्वतःची स्टीलची बाटली माझ्या हातात दिली. संपव, म्हणाल्या. मी घटाघट संपवली. मग त्या खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या.

"आता तू सांग. बरी आहे म्हणायचं नाही. कितीचा चालू आहे?"

मी आईकडे पाहिलं. तिनं मान हलवली.

"तेवीसचा होता," मी म्हटलं. "आता वाढलंय. चोवीसचा घ्यायला हवा. त्याच्यावर पंचवीसचा आहे, पण तो सोपा पडतो, म्हणून मी तो सोडून सरळ सव्वीसचा घेते."

म्हातारे डॉक्टर हसले. मॅडमही हसल्या. आणि मला काय झालं कोण जाणे, बांध फुटावा तशी मी बोलत सुटले. कुठं दुखतं, कसं दुखतं, टिचकी कधी लागते, कानस कधी फिरते, सहामाहीला कोणते दोन प्रश्न सोडले आणि त्यांची उत्तरं काय होती तेही सांगितलं. बाबांची सायकलसुद्धा सांगितली. मॅडम लिहीत होत्या. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी दुखतंय असं तोंडानं सांगत होते, आणि समोरच्याची पाठ वाकली नाही. उलट ती माणसं जरा पुढं झुकून ऐकत होती.

आकडा त्यांनी तिथं सांगितला नाही. मला एक इंजेक्शन दिलं, तासभर खाटेवर झोपवलं आणि आणखी दोन बाटल्या पाणी पाजलं. बाहेर आलो तर नागोसे काका अजून बाकावरच, आमच्यासाठी थांबलेले.

"पास का नापास?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाई," आई म्हणाली. "पण पेपर पुरा लिहिला आमी."

कार्ड पुढच्या महिन्यात आलं. पन्नास टक्के. पन्नास टक्के पडले म्हणून गोड करणारं घर खैरीटोल्यात आमचंच असेल. बाबांनी कागद दोनदा वाचला. दिव्यांग या शब्दावर त्यांचं बोट थांबलं, मग पुढं सरकलं. ते माझ्याकडे वळले तेव्हा मी तयार होते. पण ते कशी आहेस म्हणाले नाहीत.

"आज कितीचा?" त्यांनी विचारलं.

"आज काहीच नाही बाबा. खरंच."

"आन् असला का सांगशील?"

"सांगीन."

सांगते मी. आता आमच्या घरात असंच बोलतात. बाबा मिलमधून फोन करून विचारतात, कितीचा? कॉलेजात मी हात वर करून सांगते, सर, आज तेराचा आहे, खिडकीपाशी उन्हात बसू का? आधी मुली हसल्या. आता माझी मैत्रीण परीक्षेच्या आदल्या दिवशी सांगते, उत्पला, मला आज एकोणतीसचा आहे. मी म्हणते, तुला जास्तीत जास्त पाचचा असेल.

दहावीला गणिताच्या पेपरला मला चाळीस मिनिटं जास्त मिळाली. बोटं दुखत होतीच. शेवटचं उत्तर लिहून पेन खाली ठेवलं तेव्हा अकरा मिनिटं उरली होती. त्या अकरा मिनिटांत मी काही तपासलं नाही. बाकावर दोन्ही हात पसरून नुसती बसले. ती मिनिटं देवतळे मॅडमची होती, ठवकर सरांची होती, आणि मुख्य म्हणजे कुणाची होती ते मी सांगायला नको.

पण मला सांगायचंय ते त्या बुधवारच्या परतीच्या एसटीबद्दल.

तीन बाटल्या पाणी पोटात घेऊन मी बसमध्ये बसले आणि अर्ध्या रस्त्यात व्हायचं तेच झालं. मी आईच्या कानात सांगितलं. एरवी तिनं मला दात-ओठ खाऊन गप्प बसवलं असतं. त्या दिवशी ती उठली, दांड्याला धरत पुढं गेली आणि भरल्या बसमध्ये ड्रायव्हरला म्हणाली, "दादा, गाडी थांबवा. माझ्या पोरीले पाणी जास्त प्याले सांगितलं आहे डॉक्टरनं." गाडी थांबली. मी तुरीच्या शेताआड जाऊन येईपर्यंत पन्नास माणसं थांबली, आणि आई पायरीवर पहाऱ्याला उभी.

पुन्हा गाडी चालू झाल्यावर तिनं माझे पाय आपल्या मांडीवर घेतले. नडगी आता सतरावर उतरली होती. आई हलक्या हातानं ती चोळत राहिली. मग म्हणाली, "साती दोनशे तीन. आन् पुढं काय असते?"

"आठी दोनशे बत्तीस," मी म्हटलं. "नवे दोनशे एकसष्ट. दाहे दोनशे नव्वद."

ती पुटपुटली. आठी दोनशे बत्तीस. नवे दोनशे एकसष्ट. दाहे दोनशे नव्वद. दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदा माझी मदत लागली नाही.

"तीनच तर राह्यले होते," ती म्हणाली.

"आई, नुसतं ऐकून इतका पाठ झाला तुझा?"

"नुसतं कुठं ऐकत होती? मी बी म्हणत होती, दाराआडून. तुझ्या संगंच." तिनं माझ्या पायावर पदर पांघरला. "एवढा मोठा पाढा एकटीनं म्हणाचा का?"